मिठात घातलेल्या पाल्याला हिवाळ्यात तार का सुटते

मॉन्ट्रिअलच्या आसपास ऑक्टोबर लागला की परसबागेतील पालेभाज्यांचे दिवस भरतात. गोठवणारी पहिली रात्र आली की तुळशीच्या जातीची नाजूक पाने काळी पडतात, आणि पुढे मे महिन्याचा तिसरा आठवडा उलटेपर्यंत नाजूक रोपे उघड्यावर लावता येत नाहीत. म्हणून इथल्या जुन्या घरांमध्ये पार्सली, चाइव्ह, सेलरीचा पाला, गाजराचा कोवळा पाला आणि कांद्याची पात बारीक चिरून जाड्या मिठात भरून ठेवण्याची रीत आहे. तिला फ्रेंचमध्ये 'एर्ब साले', म्हणजे मिठातला पाला, म्हणतात. सेंट लॉरेन्स नदीच्या खालच्या अंगाला, बा-सँ-लोराँ भागात, ती विशेष रुजलेली आहे, आणि तिथले पिवळ्या वाटाण्याचे सूप या चमचाभर पाल्याशिवाय पुरे होत नाही. आपल्याकडे कैरी मिठात टिकते, हरभऱ्याचा पाला वाळवून टिकतो; पाला मिठात टिकवण्याची सवय मात्र आपल्या हाताला नसते. त्यामुळेच असेल, इथे बाग करणाऱ्या मराठी घरांतून एकच तक्रार पुनःपुन्हा ऐकू येते: ऑक्टोबरमध्ये हिरवीगार दिसणारी बरणी जानेवारीत उघडली की वरचा थर बुळबुळीत झालेला असतो.

माझ्याकडे लागोपाठ दोन हिवाळे हेच झाले. बरणीच्या तोंडाशी बोटभर जाडीचा थर राखाडी पडलेला होता, त्यावर थंड झालेल्या दुधावर येते तशी सुरकुतलेली पांढरी साय होती, आणि चमचा वर उचलला की शिळ्या भेंडीसारखी तार निघत होती. खालचा पाला मात्र हिरवा आणि कडक दिसत होता. पहिल्या वर्षी मी दोष बरणीला दिला, म्हणून दुसऱ्या वर्षी बरण्या उकळत्या पाण्यातून काढून ओव्हनमध्ये कोरड्या केल्या आणि झाकणे नवी आणली. तरीही तेच घडले. हे इतक्या तपशिलाने सांगण्याचे कारण असे की बहुतेक जण याच दोन गोष्टींच्या मागे लागतात आणि त्यात एक अख्खा हंगाम जातो. स्वच्छता हवीच, पण पाल्यावर मातीतले असंख्य जिवाणू असतातच, आणि कितीही धुतले तरी ते पूर्णपणे जात नाहीत. बरणीतला पाला टिकतो तो मिठाच्या प्रमाणामुळे, बरणी निर्जंतुक केल्यामुळे नव्हे.

खरी चूक पेल्याच्या मापात होती. शेजारच्या आजींनी सांगितलेले प्रमाण होते चौदा कप चिरलेल्या पाल्याला एक कप मीठ. त्यांच्या घरी वापरात असलेले मीठ जाड खड्यांचे होते आणि त्याचा एक कप सुमारे २४० ग्रॅम भरत होता. मी आणलेले मीठ पापुद्र्यासारख्या पोकळ, हलक्या कणांचे होते. त्याचाही कप काठोकाठ भरला, पण वजन भरले अवघे १३५ ग्रॅम. बारीक टेबल मिठाचा तोच कप २९० ग्रॅमच्या आसपास जातो. म्हणजे 'एक कप मीठ' या तीन शब्दांत दुपटीहून अधिक फरक लपलेला आहे. त्यात माझा पाला धुतल्यानंतर नीट निथळलेला नव्हता. ८०० ग्रॅम पाल्यावर साधारण १२० ग्रॅम पाणी चिकटून होते, हे पुढे एकदा तेवढाच पाला कोरडा आणि ओला असा तोलून पाहिला तेव्हा कळले.

आता हिशेब करू. हिरव्या पाल्यात वजनाच्या सुमारे ९० टक्के पाणी असते, म्हणजे ८०० ग्रॅम पाल्यात ७२० ग्रॅम. त्यात चिकटलेले १२० ग्रॅम मिळवले की ८४० ग्रॅम पाणी झाले. या पाण्यात १३५ ग्रॅम मीठ विरघळले तर खाराची तीव्रता सुमारे १४ टक्के येते. त्याच पाल्याला आजींचे २४० ग्रॅम मीठ लागले असते तर ती २२ टक्के झाली असती. पूर्ण संपृक्त खारात, म्हणजे आणखी मीठ विरघळतच नाही अशा पाण्यात, मीठ सुमारे २६ टक्के असते. माझी बरणी त्याच्या निम्म्याच्या जेमतेम पुढे होती.

हिशेब कागदावर पटला तरी तो बरणीतही खरा आहे का हे पाहणे मला आवश्यक वाटले. त्याच दिवशी भरलेली दुसरी बरणी फळीवर मागे राहिली होती आणि ती अजून उघडलेली नव्हती. तिच्या वरच्या थरातून २० ग्रॅम खार आणि तळातून २० ग्रॅम खार स्टीलच्या दोन वाट्यांत काढला, दोन्ही वाट्या अगदी मंद आचेवर ठेवून पाणी पूर्ण आटवले आणि तळाशी उरलेली पांढरट खपली तोलली. वरच्या थराच्या वाटीत २.३ ग्रॅम उरले, तळाच्या वाटीत ३.१ ग्रॅम. पाल्याचा थोडा अंश त्यात येतोच, तो सोडून दिला तरी वर ११ टक्क्यांच्या आसपास आणि खाली १५ टक्क्यांच्या आसपास मीठ आहे हे स्पष्ट झाले. न विरघळलेले मीठ खाली बसते आणि घट्ट दाबलेल्या पाल्यातून ते वर यायला महिने लागतात. शिवाय झाकणाला आतून सुटलेला घाम थेंबाथेंबाने वरच्याच थरावर पडत राहतो. बरणी नेहमी वरूनच का बिघडते, याचे उत्तर मला त्या दोन वाट्यांनी दिले. दशांश ग्रॅम दाखवणारा छोटा काटा असेल तर ही परीक्षा कोणालाही अर्ध्या तासात करता येते. अंडे तरंगवून पाहण्याची जुनी परीक्षा इथे अपुरी पडते, कारण ताजे अंडे १० टक्क्यांच्या खारातही तरंगते, आणि आपल्याला त्याच्या दुप्पट हवे असते.

दोन वाटा आहेत, मधली वाट नाही

मिठाने पाला टिकवण्याच्या पद्धती दोन आहेत आणि त्या एकमेकींच्या उलट चालतात. पहिलीत, जिला मी पुढे जाड मिठाची पद्धत म्हणते, मीठ इतके घालायचे की जिवाणूंना वापरण्याजोगे पाणीच उरू नये. दुसरीत मीठ इतके थोडे घालायचे की आंबवणारे लॅक्टिक जिवाणू सुखाने वाढावेत, त्यांनी आम्ल तयार करावे आणि त्या आम्लाने बाकीच्यांना आवरावे.

पाण्याची ही उपलब्धता ० ते १ अशा मापाने मोजतात. शुद्ध पाणी १ आणि संपृक्त खार सुमारे ०.७५. अन्नात विष तयार करणारा स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू मिठाला बऱ्यापैकी दाद देत नाही आणि हवा मिळत असेल तर साधारण ०.८६ पर्यंत वाढू शकतो. बॉट्युलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेचा जिवाणू त्याच्या बराच आधी, ०.९४ च्या आसपास, म्हणजे सुमारे १० टक्के खारात, थांबतो. १४ टक्क्यांच्या खाराची उपलब्धता ०.९० च्या जवळपास येते, तर २० टक्क्यांचा खार ०.८४ वर उतरतो. म्हणून जाड मिठाच्या पद्धतीत २० टक्क्यांची रेषा ओलांडणे ही आवड-निवड नव्हे. खारट होईल या भीतीने मीठ कमी करणारी व्यक्ती पाला सौम्य करत नसते, ती त्याला धोक्याच्या पट्ट्यात नेऊन ठेवत असते. ८ ते १५ टक्क्यांमध्ये आंबवणारे उपयोगी जिवाणू मंदावतात किंवा थांबतात, आणि मीठ सोसणारे यीस्ट, बुरशी व इतर जिवाणू मात्र टिकून राहतात. सायही तेच धरतात, तारही तेच सोडतात.

मग कोणता पाला कोणत्या वाटेने न्यावा? पार्सली, कोथिंबीर, चाइव्ह, सेलरीचा पाला, शेपू या सुगंधी पाल्यांना माझ्या मते जाड मीठच योग्य. त्यांच्यात आंबण्यास लागणारी साखर थोडी असते, आणि आंबवल्यावर त्यांचा जो वास आपल्याला हवा असतो तोच मुख्यतः उडून जातो. कोथिंबिरीच्या बाबतीत तर हे फार जाणवते. मोहरी, मुळा, नवलकोल यांचा दणकट पाला मात्र आंबवण्यासाठीच आहे असे म्हणावे लागेल. नेपाळ आणि सिक्कीममध्ये हाच पाला कोमेजवून, कुटून, घट्ट दाबून मिठाशिवाय आंबवतात आणि मग उन्हात वाळवून 'गुंद्रुक' करतात. मेथी दोन्हीकडे चालते. मीठ लावून पिळल्यावर तिचा कडूपणा उतरतो हे आपल्याला ठाऊकच आहे, पण पिळून पाणी फेकले तर त्याबरोबर मीठही जाते, म्हणून मिठाचे वजन पिळल्यानंतरच्या पाल्यावर नव्याने करावे लागते. पालक आणि चार्ड यांचा लगदा होतो, त्यांना फ्रीझर बरा. अळू कच्चा मिठात घालू नये. त्याची खाज मिठाने जात नाही.

बरणी भरताना

जाड मिठासाठी माझे प्रमाण आता ठरलेले आहे: निथळलेल्या एक किलो पाल्याला २५० ग्रॅम मीठ, म्हणजे चारास एक. मीठ कोणतेही चालेल, कारण आता ते तोलले जाते. कॅनडात टेबल मिठात आयोडीन घालणे १९४९ पासून सक्तीचे आहे, आणि आयोडीनने पाला बिघडतो अशी समजूत अनेकांची असते. ती खरी नाही. बारीक मिठात गुठळी होऊ नये म्हणून जे मिसळलेले असते त्याने खार थोडा गढूळ होतो, इतकाच फरक पडतो.

निथळण्याला खरोखर वेळ द्यावा. मी पाला धुऊन जुन्या सुती साडीवर एकेरी थरात तीन-चार तास पसरते आणि मध्ये एकदा उलटते. तो पुरेसा कोरडा झाला का, हे पाहण्यासाठी मूठभर पाला वर्तमानपत्राच्या कागदात हलकेच दाबावा. कागदावर ओलसर छाया उमटली तर चालेल, थेंबाचा डाग उमटला तर आणखी तासभर थांबावे. त्यानंतरच चिरावे आणि चिरल्यावर तोलावे. तोललेल्या मिठातला पाऊण भाग परातीत पाल्याला हाताने चोळावा. पाच-सात मिनिटांत पाला गडद होतो, मऊ पडतो आणि परातीच्या कडेला हिरवे पाणी दिसू लागते. तो झाकून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला की सकाळपर्यंत निम्म्यावर येतो. मग बरणीत थोडा थोडा भरून मुठीने किंवा लाकडी दांड्याने दाबत जावे, म्हणजे मधली हवा निघून जाईल, आणि सुटलेले सगळे पाणी वरून ओतावे. उरलेले पाव भाग मीठ सर्वांत वर पसरावे. दुबळा पडतो तो वरचाच थर, म्हणून राखून ठेवलेले मीठ तिथेच खर्च करावे.

पाला खाराच्या वर येता कामा नये. गोव्यात चेपणीच्या तोरांवर, म्हणजे मिठातल्या कैऱ्यांवर, दगड ठेवून त्या दाबून धरतात, त्यामागचे कारणही हेच. बरणीत बसेल असा काचेचा छोटा पेला चालतो. खाद्यपदार्थांची पिशवी भरून ठेवायची असेल तर तिच्यात साधे पाणी न भरता तेवढ्याच तीव्रतेचा खार भरावा, कारण पिशवी गळली तर साध्या पाण्याने वरचाच थर पुन्हा पातळ होतो. पहिले दहा दिवस, झाकण घट्ट असल्याची खात्री करून, बरणी दररोज एकदा उलटी करून तासभर ठेवावी म्हणजे तळाचे मीठ वर पोहोचते. बरणी उलटी करताना आतला पेला घसरतो, म्हणून मी तो दहाव्या दिवसानंतरच ठेवते. या दहा दिवसांत बरणी फ्रिजमध्येच असावी.

आंबवण्यासाठी हेच सगळे, फक्त मीठ किलोला २० ते २५ ग्रॅम. बरणी १८ ते २२ अंश सेल्सिअसला ठेवावी आणि पहिल्या काही दिवसांत वायू निघून जाईल अशी सोय ठेवावी. या बरणीचे रक्षण आम्ल करते, म्हणून तिथे चवीवर विसंबू नये. पीएच, म्हणजे आम्लतेचे माप (आकडा जितका कमी तितके आम्ल जास्त), मोजण्याच्या कागदी पट्ट्या स्वस्त मिळतात. आठवड्याच्या आत पीएच ४.६ च्या खाली आला पाहिजे, आणि मला स्वतःला तो ४ च्या खाली दिसेपर्यंत समाधान वाटत नाही. आठवड्यानंतरही तो वरच राहिला तर ती बरणी खाण्यासाठी ठेवू नये.

बाकीच्या तक्रारी

रंग बदलणे हा सर्वांत जास्त घाबरवणारा आणि सर्वांत निरुपद्रवी बदल आहे. आंबलेल्या पाल्याचा हिरवा रंग ऑलिव्हसारखा मळकट होतो, कारण आम्लामुळे हरितद्रव्यातला मॅग्नेशियमचा अणू निघून जातो. तो टिकवण्यासाठी खायचा सोडा घालण्याचा सल्ला कोणी दिला तर तो मानू नये. सोडा नेमके तेच आम्ल मारतो ज्याच्यावर बरणी टिकून आहे. जाड मिठातला पाला मात्र हिरवा राहायला हवा. तो तपकिरी होत असेल तर बरणीवर उजेड पडतो आहे किंवा आत हवेची पोकळी राहिली आहे. लसूण घातली असेल आणि ती निळसर-हिरवी झाली तर तो आम्लाशी होणारा तिचा स्वभावधर्म आहे, अपाय नाही. मुळ्याच्या आणि मोहरीच्या पाल्याला पहिले काही दिवस गंधकाचा उग्र वास येतो, तोही ओसरतो. कुजका, सांडपाण्यासारखा वास ओसरण्याची वाट पाहू नये.

आंबवलेल्या बरणीवर सपाट, पांढरी, केसाळ नसलेली साय आली आणि पीएच ४ च्या खाली असेल, तर ती साय काढून टाकून खालचा पाला वापरता येतो. ती साय मरगळलेली चव देते, म्हणून लगेच काढावी आणि बरणी थंड जागी हलवावी. केसाळ, हिरवी, काळी किंवा गुलाबी बुरशी असेल तर पूर्ण बरणी टाकून द्यावी. जाड मिठाच्या बरणीवर साय किंवा तार दिसली तर तिचा अर्थ एकच असतो: मीठ २० टक्क्यांवर पोहोचलेलेच नाही. अशा बरणीचा वरचा थर काढून खालचा वापरण्याचा मोह मलाही झाला होता, कारण खालचा पाला खरोखर सुंदर दिसत होता. परंतु विष डोळ्यांना दिसत नाही आणि स्टॅफिलोकोकसचे विष उकळल्यानेही जात नाही. प्रमाण चुकल्याचे पहिल्या दोन-तीन दिवसांत, फ्रिजमध्ये असतानाच लक्षात आले तर गोष्ट वेगळी आहे. तेव्हा कमी पडलेले मीठ तोलून घालावे, पाला परातीत काढून पुन्हा चोळावा आणि बरणी पुन्हा भरावी.

आणखी एक चूक या हवामानातलीच आहे. गरम न केलेल्या गॅरेजमध्ये दोन्ही प्रकारच्या बरण्या शेजारी शेजारी ठेवल्या जातात आणि जानेवारीतल्या एका रात्री आंबवलेली बरणी तडकते. २० टक्क्यांचा खार उणे १६ अंशांच्या आसपास गोठतो, पण अडीच टक्क्यांचा खार उणे दीड अंशालाच गोठतो. आंबवलेला पाला तळघरातल्या थंड खोलीत किंवा फ्रिजमध्येच ठेवावा. पाल्यावर तेल ओतून हवा अडवण्याची आपली लोणच्याची सवय इथे आणू नये. जाड मिठाच्या पाल्याला तेलाची गरज नसते, आणि मीठ किंवा आम्ल कमी पडलेल्या पाल्यावर तेल घातले तर त्याखाली हवा नसलेली जी जागा तयार होते ती बॉट्युलिझमला मानवणारी असते.

वापरताना चमचा कोरडा असावा, आणि चहाच्या चमचाभर पाल्यात सुमारे एक ग्रॅम मीठ असते हे लक्षात ठेवून आमटीत किंवा सूपमध्ये वेगळे मीठ घालू नये. जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सुचवले आहे, तेव्हा हा पाला भाजी म्हणून वाढण्याचा नाही, फोडणीत किंवा शेवटच्या उकळीत घालण्याचा आहे.

प्रत्येक बरणीवर मी आता चार नोंदी चिकटवते: भरल्याची तारीख, पाल्याचे वजन, मिठाचे वजन आणि दहाव्या दिवशी वरच्या थरातल्या २० ग्रॅम खारातून उरलेले मीठ. तो शेवटचा आकडा ४ ग्रॅमपेक्षा कमी आला तर बरणी फळीवर जात नाही. वरून आणखी मीठ घालून ती पुन्हा दहा दिवस उलटीसुलटी होते. आणि इतके करूनही एखादी बिघडली, तर तिच्यातला पाला पिशवीत बांधून कचऱ्यात टाकावा. तो खतखड्ड्यात किंवा वाफ्यात ओतू नये, कारण पाव किलो मीठ मातीत गेले की पुढच्या मे महिन्यात त्या जागी कोथिंबीर नीट उगवत नाही.